सहाच्या जागी नऊ

रुवीतल्या एका एसी दुरुस्तीवाल्याची वेबसाइट
तपासायला आली माझ्याकडे.
मालकाच्या फोटोखाली भावाचं नाव,
‘चोवीस तास सेवा’ म्हणायचं तिथे चोवीस वर्षं,
आणि कंपनी तर परवाची.
लाल केलं. हसले.

माझी एक खोड आहे :
छापलेला नंबर मी फिरवून बघते.

उचलला कुणीतरी, झोपेतून.
‘थंडाव्याची कंपनी नव्हे हो ही.
पण बोला, पुरताच बंद पडलाय काय?’
बोली आमच्या दापोलीकडची.
नझीर परकार. रात्री मत्रा बंदरात क्रेनवर,
दिवसा खोलीत, सहा खाटांतल्या एकीवर.
शेवटून दुसरा आकडा, सहाच्या जागी नऊ,
म्हणून दोन उन्हाळे अख्खं मस्कत
उकाड्याची तक्रार याच्याकडे करत होतं.

‘आधी शिव्या घातल्या,’ म्हणाला,
‘मग एका बाईचं पोर रडत होतं पाठीमागं, घामोळ्यानं.
तिला सांगितलं, जाळी काढ, धू, परत बसव.
चालू झाला की!
ईदला फोन केलान तिनं.’

नवाचा सहा केला मी.
दुसरं काय करणार, त्याचेच तर पैसे घेते.
पान शुद्ध झालं. बिल पाठवलं.

चौथ्या दिवशी, भर दुपारी,
माझा फोन वाजला.
‘काय नाय, परकार बोलतोय.
फोन बिघडलाय काय,
बघत होतो.’