ओला डाग, दीड हात

पंचनामा दोन पानांचा. दुसऱ्या पानावर,
पंचांच्या अंगठ्यांच्या जरा वर, हवालदाराने लिहिलंय:
सदर ठिकाणी डांबरावर ओला डाग, लांबी दीड हात,
मासळीचा वास, कडेला मिठाची पांढरी रेघ.
पुढे रक्त, टोपली, सांडलेला पावटा, एक चप्पल.
डागाकडे परत कुणी वळलेलं नाही.

मी वळलो. तीन रात्री.
राजापुरात वीज गेली तरी मेणबत्तीशी
तेवढी एकच ओळ घेऊन बसलो.

अश्फाक सोलकर, वय सव्वीस, साखरी नाट्याहून
अणुस्कुऱ्याने कोल्हापूरला बांगडा नेणारा टेम्पो.
आरोप : धडक दिली, जखमीला टाकून पळाला.
कायदा म्हणतो, थांब, दवाखान्यात ने,
जमाव खवळला असेल तर गोष्ट वेगळी,
आणि चोवीस तासांत ठाण्यात जा.
ठाण्यात तो गेला. एकविसाव्या तासाला,
रात्री पावणेदोनला, बापाला पुढे घालून.

जमावाचं मात्र काही जमेना.
पहाटे पावणेपाचला सड्यावर
एक गडगा, करवंदीची जाळी
आणि पहिल्या एसटीला निघालेली एक बाई.

चालत्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळतं
ते रिळावरून दोरा सुटावा तसं, लांबच लांब.
डाग पडायला थांबावं लागतं.
अंगणात करून पाहिलं : बर्फाची लादी, क्रेट, घड्याळ.
बायको म्हणाली, वकिली सोडून मासे विकणार का?
दीड हाताला अकरा मिनिटं लागली.

अश्फाकला बोलावून सांगितलं, पेढा द्यावा तसं.
त्याचा चेहरा उतरला.
"अकरा मिनिटं काय करत होतास?"
"स्टेअरिंग धरून बसलो होतो."
"उतरलास?"
खिडकीतून अर्जुना दिसते, तिच्याकडे बघत राहिला.
"मग कलमांत बॅटऱ्या दिसल्या.
डुकरं राखणारी माणसं असणार.
म्हटलं, आले. बाईला उचलतील आता.
म्हणून निघालो."

कलमं. आमच्याकडे आंब्याचीही, कायद्याचीही.
दोन्हींत रात्री बॅटरी घेऊन फिरावं लागतं.

मदत दिसेपर्यंत थांबला, असं मी लिहिलं.
माणसं दिसताच पळाला, असं गुरवबाई लिहितील,
सरकारतर्फे, माझ्याहून सुंदर अक्षरात.
डाग तोच.

द्वारका भुवड साक्षीला आली
डाव्या पायात सळई घेऊन. वय अठ्ठावन्न.
बसायला स्टूल दिलं, ती बसली नाही.
"गाडी थांबल्याचं तुम्हांला कळलं होतं?"
"व्हय. पानी गळत व्हतं. टप टप.
मना वाटलं, मानूस हाय जवल."
न्यायाधीशांनी सांगितलं, टंकलेखकाने उतरवलं :
गाडी थांबली होती, हे खरे आहे.
बाकीचं कागदावर आलं नाही.
टप टपसुद्धा नाही.

मला हवं ते मिळालं होतं.
या धंद्यात पहिलं शिकवतात ते हेच,
उलटतपासणीत एक प्रश्न कमी विचारावा.
दार उघडल्याचा आवाज आला का,
हा माझ्या कागदावर होता, चौथा,
त्याच्यावर मी बोट ठेवलं आणि म्हटलं,
"आणखी काही विचारायचं नाही."

पिंजऱ्यात अश्फाकने श्वास सोडला.
पंखा फिरत होता.
शिपाई म्हणाला, "उतरा, बाई."
ती उतरली नाही लगेच.
कठड्याला हात धरून
माझ्याकडे बघत उभी राहिली,
पुढचा प्रश्न येणार म्हणून.