नऊ पॉइंट चार

औसा रोडच्या मागच्या गल्लीत
आमच्या लॅबचं शटर सकाळी सहाला अर्धंच वर जातं.
क्लासची पोरं उपाशीपोटी वाकून आत येतात,
एका हातात नोट्स, दुसरा माझ्यापुढं.
सुई टोचतानाही पान सोडत नाहीत.

संयोगिता गायसमुद्रे. वय अठरा. गाव देवणीकडचं.
पोटऱ्या ठणकतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत.
डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच अक्षर : डी.
शीर लगेच सापडली.
नळी भरेपर्यंत मी सहज विचारलं,
हे अभ्यासाला असतं का गं?
तिनं दमही घेतला नाही :
मेदात विरघळणारं, उन्हानं कातडीत तयार होणारं,
आधी यकृत, मग मूत्रपिंड,
अभावी लहानांत मुडदूस, मोठ्यांत हाडं मऊ.
पर्याय क्रमांक तीन.
एक मार्क गेला नसता तिचा.

दुसऱ्या दिवशी मशीननं आकडा दिला : नऊ पॉइंट चार.
वीसच्या खाली आलं की आम्ही लाल शाईनं गोल करतो.
मी पुन्हा लावून पाहिलं. तेच.
बाहेर मे महिना, बेचाळीस,
गंजगोलाईत डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि या पोरीच्या रक्तात ऊन नाही.

दोन वर्षं अभ्यासिकेतली एकवीस नंबरची खुर्ची.
काचांना काळी फिल्म. ट्यूब पहाटेपासून चालू.
मेस ते क्लास चारशे पावलं,
तीही तोंडाला स्कार्फ बांधून.

रिपोर्टाला आई आली सोबत. दैवशाला.
कोपरापर्यंत हात भाजून काळपट,
पिशवीत लेकीसाठी वाळवलेल्या गवारीच्या शेंगा.
"कशाची कमी निघाली, भाऊ?"
उन्हाची, मी म्हणालो.
ती हसलीच आधी.
"उन्हाची? आमच्या पत्र्यावर कुरडई
दोन दिसांत कडकड मोडती.
मिरच्या, चिंच, डाळ, गोधड्या,
समदं उन्हात घालते मी.
हिलाच तेवढी सावलीत ठिवली.
म्हनलं, माझ्यावानी हिनं उन्हात करपू नये."

यावर काय बोलणार.
मी पुडी कशी घ्यायची ते सांगितलं :
डॉक्टरांनी लिहिलीय तशी, आठवड्याला एक, दुधातून.
साठ हजार युनिट.
तिनं पुडी तळहातावर तोलली.
"एवढ्यात किती दिसांचं ऊन मावत आसंल?"
बावीस वर्षं रक्त काढतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
माझं स्वतःचंही कधी तपासलेलं नाही.

अकरा वाजता शटर पूर्ण वर केलं
तर दोघी पायरीवर.
आईनं लेकीच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या,
थोड्या वेळानं हात पालथे केले,
एका बाजूनं वाळलेली कुरडई उलटावी तसे.
पोरीनं मांडीवर नोट्स उघडल्या.

"वाच," आई म्हणाली,
"पन सरकू नगं."