निळा शर्ट

पहिल्यांदा वाटलं, पाण्याचा थेंब सुकला असेल.
शेवंतीच्या पानावर फिकट कडं,
त्याच्या आत आणखी एक,
कुणी ओला कप ठेवून उचलावा तसं.
पुसलं. गेलं नाही.

आठवड्यात तिसरा वाफा.
कळ्या एका बाजूला मान टाकून,
शेंडे काळे.

कृषी खात्यातून वेर्णेकरबाई आल्या, कुडचड्याहून, स्कूटरवर.
फूल तोडून पांढऱ्या कागदावर झटकलं.
जिऱ्याच्या कोंड्याएवढं काहीतरी
चालू लागलं.
‘फुलकिडे,’ म्हणाल्या.
केवढं लाडाचं नाव!

त्यांनी सांगितलं ते असं:
मोठा झाल्यावर कितीही पिवो आजारी पानाचा रस,
तो कुणाला काही देत नाही.
पण अगदी लहानपणी,
पंख फुटायच्या आधी प्याला असेल, तर
मरेपर्यंत घासागणिक देत राहतो.
मला घरातली दोन-तीन माणसं आठवली.
बोलले नाही.

‘आणि त्याला स्वतःला?’
‘त्याला फारसं काही होत नाही.’

नीट उडताही येत नाही म्हणे.
पंख कसले, नुसती झालर.
वाऱ्यावर जातो, फुटव्यांबरोबर जातो,
कपड्यांवर बसून जातो.
निळा रंग दिसला की धावतो,
म्हणून सापळेसुद्धा निळेच.

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

अंगात उल्हासचा शर्ट होता.
बार्जीवरचा, खिशावरचं नाव अर्धं उसवलेलं.
बार्जी धक्क्याला लागल्या तेव्हा
अनुदानाचं हे हरितगृह उभं केलं आम्ही,
पहिल्या हंगामात पाणीबिल निघालं, दुसऱ्यात तेही नाही,
मग तो दोह्याला गेला, क्रेनवर.
शर्ट राहिला. बाह्या दुमडल्या की मला होतो.

सोमवारी तो घालून लुर्दिनकडे गेले होते,
तिचे जर्बेरा बांधू लागायला.
दोन फुटवेही दिले, नाही म्हणत असताना.
मंगळवारी तिळूमामीची अबोली.
गुरुवारी परत लुर्दिन.
शेळवणचा सगळा रस्ता
मी त्यांना पाठीवर बसवून फिरवलं.

वाफे उपटले. पिशव्या बांधल्या. जाळलं.
शर्टाला एरंडेल चोपडून
हँगरला लावला आणि मधोमध टांगला.
संध्याकाळपर्यंत दोन्ही बाह्यांवर
काळी बारीक रेघ धरली.
उल्हासला फोटो पाठवला.
‘माझा शर्ट कोण घालून उभा आहे?’
‘कोणी नाही,’ लिहिलं.

आंघोळ केली. पांढरा गाऊन घातला.
लुर्दिनच्या गेटापाशी गेले.
ती ओट्यावर फुलं मोजत होती,
फेस्ताची ऑर्डर, तीनशे.
‘भितर यो गो, चाय दवरतां.’
‘आत येत नाही,’ म्हटलं.
‘कित्याक?’

एका पानावर, तिच्या मागे,
फिकट कडं होतं.
हात पाठीमागे धरून
मी गेटाबाहेरूनच सुरुवात केली.