भिकनची लेयर

पारोळ्यात बाजारामागं आमचं फ्लेक्सचं दुकान.
मे महिन्यात मशीनआधी मीच तापते,
शाईचा वास केसांत घेऊन घरी जाते.

हिलाल आण्णा आले, रसवंतीच्या नव्या बोर्डासाठी.
फोटोत दोघं भाऊ, मध्ये घुंगरांचा चरक,
धाकट्याचा हात थोरल्याच्या खांद्यावर.
"याले काढी टाक."
नाव घेतलं नाही. ते मागं बॉलपेननं लिहिलेलं होतं.

पुसता मलाही येतं.
पण पुसलेलं परत मागायला माणूस
बिल चुकतं केल्यावरच येतो,
हे पहिल्याच वर्षी कळलं.
म्हणून मूळ फोटो तळाशी, कुलूप लावून.
वर भिकनची लेयर, तिला मास्क.
काळा ब्रश फिरवला की माणूस झाकतो,
पांढरा फिरवला की होता तसा उभा.
त्याच्या जागी निंबाचं खोड, उसाची मोळी,
थोडा निळा पत्रा, इथून तिथून उचललेला.

खांद्यानं मात्र दमवलं.
चौकटीचा सदरा, रेघेला रेघ जुळेना.
चार बोटांना पाऊण तास लागला.
शेवटचं झाकलं तेव्हा
स्टुलावर बसल्या बसल्या
आण्णांनी खांदा जरासा हलवला.

शेठ म्हणतो, एवढी जड फाईल कशाला,
जेपेग ठेव, बाकीचं उडव.
हो म्हणते. फोल्डरचं नाव बदलते.

श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी,
रोटासाठी गहू दळायला टाकून
आण्णा दारात.
"आजून शे का तो?"
शे ना, म्हटलं.
लेयरपुढच्या डोळ्यावर क्लिक केलं.
तेवढ्यात लाईट गेली,
यूपीएस कुईकुई करायला लागला,
आणि त्या पाच मिनिटांत
ते काहीच बोलले नाहीत.
"बंद कर."

पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.
प्रिंट नाही, पैसे नाहीत, चहा मात्र आणायचे.
मधे कॉम्प्युटर फॉरमॅट झाला,
तेव्हा घरच्या पेनड्राइव्हवर
माझ्या भाच्याच्या बारशाशेजारी
भिकन दोन दिवस राहिला.

यंदा म्हणाले,
"पुरा नको. हात तेवढा."

पांढरा ब्रश घेतला, अगदी बारीक केला.
करंगळीपासून सुरुवात.
चौकटीवर एकेक बोट उमटत गेलं,
आणि मनगट जिथं संपतं
तिथून पुढं निंबाचं खोड.

शेठनं वाकून पाहिलं. चुकून राहिलं का गं हे?
नाही, म्हटलं.
बारा बाय अठरा काढा. मॅट.