चवीपुरतं

इथे गोड्या पाण्याला मिठा पानी म्हणतात.
पहिल्या आठवड्यात मी दर वेळी अडखळायचे,
माझ्या भाषेत मीठ म्हणजे नेमकं तेच
जे या तळ्यात नको आहे.
तहुराला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.
सातव्या महिन्यात हसताना पोट धरावंच लागतं.

शिबसा नदीच्या बांधाआड अठ्ठावीस घरं
आणि घरांहून जास्त कोळंबीची तळी.
कोळंबीला खारं लागतं,
म्हणून बांधाला भोक पाडून भरतीला आत घेतात.
आत आलेल्या भरतीला
कुठल्या तळ्यात थांब म्हणून कोण सांगणार?

माघ सरता सरता पावसाचे रांजण तळ गाठतात.
फाल्गुनात सायकल-व्हॅनवरून पाणी येतं,
कळशीला पाच टका,
आणि कब्बीर वीटभट्टीवरून पैसे पाठवतो
तेव्हा पाठवतो.

मी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळते.
एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव.
"मीठ कमी खा," मी म्हणते. छापील कागदावर तसंच आहे.
ती मला चुलीपाशी नेते, झाकण उचलते.
"भातात मी मीठ घालतच नाही, आपा. डाळीतही नाही."
मी शितं चाखते.
चवीपुरतं.
अगदी चवीपुरतं.

"पाणी खारट लागत नाही तुला?"
"पाण्यासारखं लागतं."

सासू जरिना भिंतीला टेकून सुपारी कातरत असते.
याच घरात पाच बाळंतपणं झाली माझी, म्हणते,
पाय कधी सुजले नाहीत.
तेव्हा तळ्यात कमळं होती.
वादळाच्या वर्षी बांध फुटला, आधी कमळं गेली.
मग बदकं.
मग ती गप्प होते आणि सुनेच्या पायांकडे बघते,
जिथलं चांदीचं कडं आता निघत नाही.

चैत्रातल्या एका रात्री तहुरा म्हणाली,
अंगणात बघा, केवढे जोनाकी!
जरिनानं पाहिलं. अंगणात नुसता काळोख.

डोळ्यांपुढे काजवे चमकले,
हे मी लहानपणापासून म्हणत आले,
थोबाडीत बसली की, दाराला कपाळ आपटलं की.
कुणी त्यांना खरोखर मोजत बसेल
असं कधी वाटलं नव्हतं.

ओहोटी होती. होडी दोनदा चिखलात रुतली.
कब्बीरचा फोन वाजत राहिला,
त्याच्या गादीखाली, भट्टीपासून दूर.
उपजिल्ह्याच्या दवाखान्यात नर्सनं टोचलं
ते मॅग्नेशियम सल्फेट,
रसायनशास्त्रात तेही एक मीठच.
त्या मिठाला मात्र मी जागले, रात्रभर.

मुलगी. सोळाशे ग्रॅम.
रडली, पण उशिरा,
जणू आधी कुणाची तरी परवानगी घेऊन.

सकाळी कपडे न्यायला मी घरी आले.
दारामागे एक रांजण, तोंडाला फडकं,
फडक्यावर मातीचा लेप.
"हात नको लावू," जरिना म्हणाली,
"भादव्यातलं पाणी आहे ते.
पाळी चुकली त्याच आठवड्यात भरून ठेवलं तिनं.
बाळाला पहिल्या दिवसापासून मिठा पानी हवं म्हणाली,
अंगाला, ओठाला."

साठेक लीटर असेल.
तहान लागायची तेव्हा ती याच्यासमोरून जायची,
तळ्यावर जायची,
ओंजळीनं प्यायची
आणि आत बसलेलीला वाटत असेल,
आईची चव अशीच असते.

खिशात क्षार मोजायचं यंत्र होतं.
मी ते काढलं नाही.
ओट्यावर बसून तेवढी प्रश्नावली पुरी केली.
प्रश्न एकोणिसावा: जेवताना वरून मीठ घेता का?
"नाही"वर खूण केली.

वरून आलेलं सगळं
रांजणात होतं.