पार्किंग, दिवस पाचवा

ओटिलीची पिवळी छत्री वळली पुलाकडे,
तिच्यामागे सदतीस माणसं, कानात यंत्रं.
अडतिसाव्या रोसविताबाई बसमध्येच.
गुडघे म्हणाले, आज नको.
व्हिएन्नातही तेच म्हणाले होते.

यारोमिर काच पुसतो.
अकरा वर्षं हाच रस्ता,
प्राग, व्हिएन्ना, लिंट्स, पासाउ, आता रेगेन्सबुर्ग.
कुठल्या पार्किंगात सावली किती वाजता सरकते,
कुठल्या संडासाला सुटे पैसे लागतात,
एवढं त्याला पाठ.
चर्च आतून? नाही बुवा.
बस कोणाच्या भरवशावर सोडायची?

ती उकडलेलं अंडं सोलते.
मिठाची पुडी लिंट्सच्या हॉटेलातून उचललेली.
अर्धं अंडं त्याला.
"पैसे भरले आठ शहरांचे," ती म्हणते,
"पाच पार्किंगं झाली. तीन राहिली."

तो काही बोलत नाही.
खाली उतरतो, बाहेरचा आरसा वळवतो,
जरासा,
अजून थोडा, तिच्या खुर्चीच्या बेताने.
"दिसतंय?"

दिसतंय.
दोन्ही मनोरे, छपरांपासून टोकापर्यंत,
हाताच्या पंजाएवढ्या काचेत मावलेले,
वर एक कबुतर, नाहीतर काचेवरचा डाग.

पुलावर पिवळी छत्री.
मागे मोजून सदतीस.
आरसा सरळ करायला हवा.
तो आधी बोटांवरचं मीठ झटकतो,
सावकाश.