चौथं पेर

दुपारी दोन ते चार अख्खं मिनास झोपतं.
माझ्या दुकानात चौदा घड्याळं जागी असतात,
त्यांतली तीन बरोबर.

घड्याळ दुरुस्तीला कुणी आणत नाही आता.
जानेवारी तापला की लोक कुंड्या आणतात,
आजारी पोर आणावं तशी छातीशी धरून,
काउंटरवर माती सांडतात
आणि विचारतात, काय आहे, अदेमार?

कायद्यानं घरटी सहा झाडं गांजाची.
एक नर निघाला तर एक जागा फुकट,
आणि वेळेत ओळखला नाही
तर उरलेल्या पाचांच्या फुलांत
नुसत्या बियाच बिया.
म्हणून ही घाई.

खाटीक ओल्मेदो शपथेवर सांगतो,
बी गोल गरगरीत असलं की मादी.
त्याची बायको म्हणते,
सगळ्यांच्या वर माना काढतो तो नर.
ती स्वतः ओल्मेदोहून वीतभर उंच आहे.
मी काही बोलत नाही,
डोळ्याला भिंग चढवतो.

चौथ्या पेराशी बघायचं, कधी पाचव्या,
पानाचा देठ खोडाला मिळतो त्या काखेत.
तिथं एक हिरवं टोकेरी पातं असतं, त्यावर जाऊ नका,
ते सगळ्यांनाच असतं.
त्याच्या आड
दोन पांढरे केस बाहेर आले असतील
तर ती.
बारीक देठावर मिटलेली गोळी असेल
तर तो.
आणि काहीच नसलं तर काहीच नाही,
पुढच्या गुरुवारी या.

हे 'काहीच नाही' कुणाला पटत नाही.
पुन्हा बघ म्हणतात, नीट बघ म्हणतात,
दिवा जवळ ओढतात.
दुधाजवळ उभं राहून दूध वर येतं का?

परवा दोन्या इसोलिना आली.
शाळेत भूगोल शिकवायची ती, आम्हा सगळ्यांना
नकाशावर नद्या काढायला लावायची.
गुमेर्सिंदोला जाऊन फेब्रुवारीत वर्ष होईल.
त्याच्या तंबाखूच्या डबीत दोन बिया निघाल्या,
त्याने कुठून आणलेल्या, कुणास ठाऊक.
एक रुजली, मादी आहे, ती घरी.
ही दुसरी.

'मला मुलगा हवाय,' म्हणाली,
आणि स्वतःशीच हसली.
नाहीतर वाण इथंच संपलं.

या काउंटरवर असं कुणी कधी मागितलं नव्हतं.

हात हलतो माझा हल्ली.
कोपर टेकवलं, श्वास धरला.
तिसऱ्या पेराशी काही नाही.
चौथ्याशी, डावीकडे,
मुंगीच्या डोक्याएवढी गोळी,
तिला देठ.
शेजारी आणखी एक, जरा लहान.
चावीच्या घड्याळाची मूठ असते ना, तशी,
फिरवायला बोटं पुढं व्हावीत अशी.

इतर दिवशी मी म्हणतो, उपटा, आजच.
माझ्या परसात ढीग आहे त्यांचा,
लोकांना स्वतः टाकवत नाही,
माझ्याकडे सोडून जातात.

'आहे,' म्हटलं.
ती खुर्चीवर बसली.
थर्मासमधलं माते दिलं तिला, कोमट झालेलं,
तिनं संपवलं.

मग सांगितलं,
न्हाणीघरात ठेव, खिडकी लावून.
वाऱ्याला लागला याचा पत्ता
तर गल्ली तुझ्या दारात येऊन शिव्या देईल.
गोळ्या उघडल्या की पिवळी पूड पडेल,
ती यावर धर, मऊ ब्रशनं उचल,
मादीच्या एकाच फांदीला लाव, एकाच.

खालच्या खणातून
मनगटी घड्याळाची सुटी काच काढली,
सदऱ्याला पुसून तिच्या हातावर ठेवली.
खणात चिठ्ठी बांधलेली घड्याळं पडून आहेत,
न्यायला कुणी न आलेली.
काच कुणाच्या घड्याळाची, तिनं विचारलं नाही.
उन्हाकडे धरून आरपार बघितलं,
रुमालात गुंडाळली,
आणि कुंडी कडेवर घेऊन गेली.

मी काउंटरवरची माती फुंकली.
चार वाजत आले होते,
निदान तीन घड्याळांत.